तिथी असलेला अतिथी

पाहुणा आणि पैसा हे दोन शब्द एका वाक्यात आले की मराठी माणूस अवघडतो. नुसत्या पाहुण्याचे त्याला काही वाटत नाही; तो येतच असतो. नुसत्या पैशाचेही काही वाटत नाही. तो फारसा येतच नाही. पण पाहुण्याकडून पैसा घ्यायचा म्हटले, की आपण दारातले तुळशीवृंदावन भाड्याने देतो आहोत असा चेहरा होतो. निघालेला पाहुणा आपल्या पोराच्या मुठीत नोट कोंबतो तेव्हाचे दृश्य आठवा. "अहो, कशाला, कशाला!" असे आपण दहा वेळा म्हणतो आणि अकराव्या वेळी पोराला म्हणतो, "घे रे, काका रागावतील." नोटही घरात राहते आणि तत्त्वही शाबूत राहते.

हे पुराण सांगायचे कारण असे, की मंगळवेढ्यातल्या आमच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या मी हल्ली रात्रीच्या हिशेबाने भाड्याने देतो. पूर्वी भाडेकरू म्हणजे एकदा आला की आपल्या अंगणात त्याची नातवंडे खेळेपर्यंत राहायचा आणि शेवटी कोर्टात भेटायचा. आताचा भाडेकरू शनिवारी येतो, रविवारी जातो आणि सोमवारी मोबाइलवर आपल्याला मार्क देतो.

ही कल्पना भाच्याची. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि त्यामुळे आमच्या घरातल्या कुठल्याही गोष्टीवर मत देण्याचा त्याला अधिकार आहे.

"मामा, वरच्या दोन खोल्या नुसत्या पडून आहेत."

"पडून कशा? त्यात ज्वारीची पोती आहेत, पाळणा आहे आणि तुझ्या आजोबांचं पुस्तकांचं कपाट आहे."

"मी तेच म्हणतोय. पडून आहेत."

दोन दिवसांत पोती खाली आली, पाळणा न्हाणीच्या माळ्यावर गेला आणि भाच्याने खोल्यांचे फोटो काढले. दहा बाय बाराची खोली फोटोत इतकी ऐसपैस दिसत होती, की हे घर कुठले म्हणून मलाच चौकशी करावीशी वाटली. मग मजकूर. 'दामाजीपंत, चोखोबा आणि कान्होपात्रा यांच्या संतनगरीत शांत निवास.' शांत हा शब्द समोरच्या मंगल कार्यालयातल्या बँडवाल्याने वाचला नसावा. 'पंढरपूरपासून अर्ध्या तासावर.' आषाढीला हा अर्धा तास किती तासांचा असतो, ते त्या पांडुरंगालाच ठाऊक. '२४ तास गरम पाणी.' हे मात्र अगदी खरे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून आमच्याकडे दुसरे पाणीच येत नाही. तेव्हा मी हट्टाने एक ओळ घालायला लावली : 'गार पाण्यासाठी खाली ओसरीवर माठ आहे.' एवढ्या 'नरो वा कुंजरो वा'मध्ये निदान एक वाक्य तरी सरळ असावे, हा हेतू.

मग मी रीतसर विचार करू लागलो. विचार करायला पैसे पडत नाहीत आणि गिऱ्हाईक नसले की वेळही असतो. प्रश्न असा : पैसे देऊन राहतो तो पाहुणा म्हणायचा का? आणि पैसे घेतो तो यजमान म्हणायचा का?

शब्दाकडे पाहिले तर पंचाईत आहे. ज्याला तिथी नाही तो अतिथी, असे आपल्याला शाळेत शिकवलेले. आमचा पाहुणा तारीखच काय, दुपारी दोन ते सकाळी अकरा अशी वेळसुद्धा ठरवून येतो. उपनिषदाने ज्या अतिथीला देवाच्या पंगतीला बसवले, तो हा नव्हे. पण मनुस्मृती काढून पाहावी तर तिथे एक रात्र राहतो तो अतिथी, अशी व्याख्या सापडते. म्हणजे किमान आणि कमाल मुक्काम किती, हे तेव्हाही ठरलेले होते. फक्त फोन नव्हता.

आता हा फोनवरचा धंदा निघाला कुठून म्हणाल, तर अमेरिकेतून. २००७ सालच्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोत कसलीशी डिझाइनवाल्यांची परिषद भरली होती. हॉटेले भरून गेलेली. दोन तरुणांना घरभाडे द्यायला पैसे नव्हते. त्यांनी घरात हवा भरायच्या तीन गाद्या टाकल्या आणि तीन पाहुणे पैसे घेऊन ठेवले. त्यातून पुढच्या वर्षी एअरबीएनबी ही कंपनी उभी राहिली आणि जगभर पसरली. कुणा पंढरपूरकराला ही गोष्ट सांगून पाहा. हॉटेले भरली, माणसे आली, घरात गाद्या टाकल्या! तो म्हणेल, "मग त्यात काय? ह्याला आम्ही आषाढी म्हणतो." तिथली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्वतः एका खोलीत दाटीवाटीने राहून बाकीचे घर वारकऱ्यांना देत आली. एकच चूक झाली. त्यांनी कंपनी काढली नाही.

आमच्या तालुक्यालाही मुक्कामी माणसांचा अनुभव जुना आहे. भीमेच्या काठी माचणूर-ब्रह्मपुरीला औरंगजेब १६९५ ते १६९९ असा तळ ठोकून बसला होता. न बोलावता आला, चार वर्षे राहिला आणि जाताना काही मार्क देऊन गेल्याची नोंद नाही. ह्या पाहुण्याकडे बघितले की आगाऊ पैसे भरून दोन दिवसांत जाणारा माणूस देवमाणूस वाटतो.

तरी 'फुकट' या शब्दाचे तेज काही कमी होत नव्हते. शेजारचे एक रिटायर्ड मास्तर तर रोज संध्याकाळी येऊन मला टोचत. "दामाजीच्या गावात तुम्ही राहण्याचे पैसे घेता? त्यांनी कोठारं उघडली हो, कोठारं!"

मी दामाजीपंतांची कथा पुन्हा आठवून पाहिली. दामाजीपंत हे बेदरच्या बादशहाचे इथले अधिकारी. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्या लोकांना खुली केली. बादशहाचा कोप झाला. पुढे कथा सांगते, की प्रत्यक्ष विठ्ठल विठू महाराच्या रूपाने थैली घेऊन बेदरला गेला, धान्याची सगळी किंमत त्याने मोजून दिली आणि रीतसर पावती घेतली. इथे आपण डोळे मिटून हात जोडतो, आणि त्या नादात एक गोष्ट हमखास निसटते. धान्य फुकट नव्हते! बिल झाले होते. ते भरायला खुद्द देवाला वीट सोडून यावे लागले आणि पावती घेतल्याशिवाय तोही परतला नाही.

म्हणजे कुठलेही आतिथ्य फुकट नसते. कोणीतरी ते भरत असते. मग मी माझ्या लहानपणीचे आमचे घर डोळ्यांपुढे आणले. वडिलांचा लौकिक होता, की ह्यांच्या दारातून कोणी उपाशी जात नाही. पंढरपूरला जाणारा-येणारा अमका-तमका रात्री नऊ वाजता टपके आणि वडील ओसरीवरून ओरडत, "अगं, पाहुणे आलेत!" वडिलांचे आतिथ्य तिथे संपे आणि आईचे सुरू होई. विझलेली चूल पुन्हा पेटे. भाकरी थापायला ती बसे ती शेवटची भाकरी स्वतःला राहिली तर जेवून उठे. चाळीस वर्षे त्या लौकिकाचे बिल तिने भरले. नाव वडिलांचे झाले आणि पावती कोणालाच मिळाली नाही.

म्हणून वरच्या खोल्यांचे पैसे मी सरळ सौ.च्या बँक खात्यात जमा होतील अशी व्यवस्था केली. "भाकरी, शेंगाचटणी आणि पिठलं सांगितल्यास मिळेल, आकार वेगळा," ही ओळ तिने स्वतः घातली. मास्तरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आता बायको घरात स्वयंपाकाचे पैसे घेणार?" मी म्हटले, "पाहुण्याकडून घेते. माझ्याकडून मागेल त्या दिवशी मी वरच्या खोलीत राहायला जाईन."

तर पैसे घेण्यात पाप नाही, एवढे माझ्यापुरते ठरले. किती घ्यावेत, हा पुढचा प्रश्न. मोबाइल स्वतःच सल्ला देतो : या तारखांना मागणी जास्त आहे, दर वाढवा. आषाढीला तर त्याने तिप्पट सुचवले. त्या यंत्राला पांडुरंग माहीत नसेल, पण एकादशी बरोबर कळते. शेवटी मी दीडपटीवर थांबलो. तिप्पट घेतले असते तर संत रागावले असते, काहीच वाढवले नसते तर सौ. इथली ज्वारी पिकवणारा माणूस जसा दोन पावसांच्या मध्ये जगतो, तसा मी ह्या दोघांच्या मध्ये जगतो.

खरी अडचण पुढेच होती. त्या यंत्राने विचारले, मागणी आली की होकार आपोआप द्यायचा, की प्रत्येकाची माहिती बघून तुम्ही द्यायचा?

मास्तरांनी ताबडतोब उत्तर दिले. "बघून द्यायचा! आडनाव बघायचं. हल्ली कोण कुठला, काही कळत नाही. मी काही जातपात मानत नाही, पण आपल्या घरात आपल्याला माहीत नको?" 'मी काही मानत नाही' या वाक्यानंतर मराठीत 'पण' नेहमी येतो आणि जे मानले जाते ते सगळे त्या 'पण'च्या पलीकडे असते.

आईनेही माळ ओढता ओढता विचारले, "कुनाचं कोन ते बघून घेशील का नाय? कुनालाबी घरात घ्यायचं व्हय?"

इथे मात्र माझे हसणे थांबले. कारण ज्या जुन्या, फुकटच्या आतिथ्यासाठी आपण गळा काढतो, त्याच्या दारावर हाच प्रश्न बसलेला असे. भाकरी फुकट होती हे खरे, पण ती कोणाला घरात, कोणाला ओसरीवर आणि कोणाला अंगणाबाहेर वरून टाकायची, हे आडनावावरून ठरे. चोखोबा ह्याच गावाचे. त्यांचा अंत इथेच झाला. १३३८ साली गावकूस बांधण्याच्या कामावर असताना भिंत अंगावर कोसळून. ज्या कुसाच्या आत त्यांना घर बांधता आले नसते, ते कूस बांधताना! नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारापाशी समाधी झाली. दारापाशी; आत नव्हे. ते दार सर्वांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. वारीला गेलेल्या अस्पृश्यांना टेकायला जागा मिळत नसे, म्हणून गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. एका माणसाला लोकांकडून पै-पैसा मागून इमारत उभी करावी लागली, इतकी आमची घरे पाहुण्यांसाठी उघडी होती.

मग वाटले, पैसा बरा. नोटेला जात नसते. ज्याने भाडे मोजले त्याला खोली मिळाली, मिटला प्रश्न. पण हेही इतके सोपे नाही. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकून १९१७ साली वडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा एका पारशी निवासात नाव बदलून, रोजचे भाडे भरून राहिले होते. त्यांचे खरे नाव कळले आणि दहा-अकरा दिवसांत लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. भाडे चुकले नव्हते. नाव 'चुकले' होते. आणि ही काही फक्त आपली जुनी गोष्ट नाही. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी पाच शहरांतल्या घरमालकांना खोलीसाठी सारख्याच मजकुराच्या मागण्या पाठवल्या; फरक फक्त नावाचा. २०१७ साली त्याचा निष्कर्ष छापून आला : नाव काळ्या माणसाचे वाटले की होकार मिळण्याचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी घटते. पुढच्या वर्षी कंपनीने पाहुण्याचा फोटो आरक्षण पक्के झाल्यावरच दाखवायचे ठरवले. म्हणजे सातासमुद्रापलीकडेही मास्तर आहेत, आणि तेही काही मानत नाहीत, पण...

मी भाच्याला फोन केला आणि सांगितले, "होकार आपोआप."

"नक्की मामा? मग कोणीही येईल."

"तेच तर. कोणीही येऊ दे."

नाव कळतच नाही असे नव्हे. ओळखपत्र बघावे लागते, त्याची प्रत ठेवावी लागते, परदेशी माणूस असला तर २४ तासांच्या आत सरकारला कळवावे लागते. पण ते सगळे होकार देऊन झाल्यावर. आधी होकार, मग नाव. एवढा क्रम सांभाळला तरी बरेच साधते. आपल्याकडे तो फार शतके उलटा होता.

मास्तरांनी मात्र मर्मावर बोट ठेवले. "होकार यंत्रानं दिला. त्यात तुमचं पुण्य काय?" प्रश्न चोख होता. मी आपली जबाबदारी एका बटणाकडे सोपवून मोकळा झालो होतो. दारू सोडणारा माणूस जसा किल्ली बायकोकडे देतो, तसे हे. तो दारू पीत नाही हे खरे, पण त्याचे मन बदलले की नुसते कपाट बंद झाले? मला उत्तर सुचले नाही. मी चहा मागवला. वादात उत्तर सुचत नसेल तेव्हा चहा मागवणे ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे.

त्या आषाढीला परभणीकडचे एक कुटुंब आले. नातवाने फोनवर खोली घेतलेली. पैसे आगाऊ, दीडपट दराने, एका पैचीही घासाघीस नाही. नातू, त्याची बायको आणि ऐंशीच्या घरातली आजी. पोरे सामान घेऊन वर गेली. आजी मात्र ओसरीच्या पायरीशी उभी. पदर सावरून आत आईकडे बघत तिने हळूच विचारले, "पानी प्यायचं हुतं, बाई. कुठल्या भांड्यानं घेऊ?"

नातू जिन्यावरच थांबला. त्याचा चेहरा मला बघवला नाही. "आज्जी, अगं चल वर, बाटली आहे," तो म्हणाला. ओळखपत्राची प्रत अजून माझ्या हातात होती. आडनाव वाचायची गरज उरली नव्हती. भाडे पूर्ण भरलेले होते, होकार यंत्राने केव्हाच दिला होता, कायद्याने कोणी तिला अडवू शकत नव्हते. तरी ती पायरीशी उभीच होती. ती एक पायरी भाड्यात धरलेली नव्हती.

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात आई कातावली. "कुठल्या म्हंजी? हाय की तांब्या माठावर. घ्या की. आन् मला बी द्या वाईच त्यातलं. गुडघ्यानं उठवंना झालंय मला."

आजीने क्षणभर आईकडे पाहिले. मग ती ओसरीवर चढली, माठातून तांब्या भरला आणि आधी आईच्या हातात दिला. आई घोट घोट प्यायली. राहिलेले आजीने तोंड वर करून, तांब्या ओठांना न लावता घशात ओतले. आई पुन्हा कातावली, "लावा की तोंड! सांडतंय समदं माज्या सतरंजीवर!"

पुढचे दोन तास दोघी गुडघ्यांवर आणि सुनांवर बोलत होत्या. दोघींच्या सुना तिथेच होत्या. त्याने बोलण्यात काही फरक पडला नाही.

रात्री आईने विचारले, "कुनाची रं ती म्हातारी?"

मी म्हटले, "आई, तू कशाला विचारतेस आता?"

"आरं, माहेर कुठलं म्हन्ते मी! दोन तास बोललो आन् माहेर इचारायचं ऱ्हायलंच की."

मास्तरांना मी ही हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी माठातले पाणी स्वतःच्या हाताने घेतले आणि विषय दुसरा काढला. मास्तर मोठे माणूस आहेत. ते पटल्याचे कबूल करत नाहीत, फक्त पाणी पितात.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्यात थोडेफार सापडले. पैसा दारापर्यंत आणतो आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. यंत्र दार उघडते. तेही बरेच आहे, आमच्या वाडवडिलांना तेवढेही जमले नव्हते. पण ओसरीची शेवटची पायरी कोणाला विकत घेता येत नाही आणि कोणत्या बटणाने ती चढता येत नाही. तिथे घरातल्या कोणीतरी 'मला पण द्या' म्हणावे लागते. तेवढ्यापुरता माणूस यजमान. बाकीच्या वेळी तो खोल्यांचा मालक.

सोमवारी नातवाचा अभिप्राय आला. आमच्या ज्वारीला २०१६ सालीच भौगोलिक मानांकन मिळाले. आमचे मानांकन असे दर सोमवारी नव्याने ठरते. 'खोली फोटोपेक्षा लहान. गरम पाणी मागावे लागते. भाकरी उत्तम. मालक फार बोलतात. आजीला माठातले पाणी आवडले. चार तारे.'

भाचा पुण्याहून चिडून फोनवर म्हणाला, "मामा, एक तारा कुठे गेला?"

मी म्हटले, "बोलण्यात गेला." आता हे लिहिणेही एवढे लांबले आहे, तेव्हा तुम्ही तीन दिलेत तरी माझी तक्रार नाही.